एकसष्टावं नाव

बस थांबली नाही. झालं ते एवढंच. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, पुंडलिकनगरचा कोपरा, दूध डेअरीचं अर्धं वर केलेलं शटर. गेली चौदा वर्षं रामकिसन नरवडे ज्या खांबाखाली उभा राहतो त्या खांबासमोर कंपनीची पांढरी बस जराशी मंदावली, ड्रायव्हर कडुबानं त्याच्याकडं पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही, नीट पाहिलं, स्टेअरिंगवरचा एक पंजा उचलून उताणा केला, म्हणजे माझ्या हातात काय आहे असा, आणि बस पुढं गेली. रामकिसनचा पाय तोवर पायरीसाठी उचललेला होता. तो परत जमिनीवर येईपर्यंत त्यानं सवयीनं खिडक्या मोजल्या. एरवी या कोपऱ्यापर्यंत एकोणीस डोकी असतात. आज बारा होती. त्यातली मान वळवून मागं पाहणारी तीन. मोजून झाल्यावर मग त्याला अपमान वाटला. त्याचं असंच होतं, आधी आकडा येतो, दुःख मागून चालत येतं.

नोटीस कालच बोर्डावर लागली होती आणि रामकिसननं ती चष्मा लावून, दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करावी तशी शांतपणे वाचली होती. युनियनचा करार मार्चमध्ये संपला. युनियननं नवा मागितला. कंपनी म्हणाली, कामगारांच्या वतीनं बोलणारे तुम्ही कोण ते आधी कोर्टात दाखवा. मान्यता टिकवायची तर शंभर कायम कामगारांमागं तीस सभासद लागतात, कायम माणसं दोनशे तीन, म्हणजे एकसष्ट. युनियननं कोर्टात दिलेल्या यादीत मोजून एकसष्ट नावं होती, आणि त्या एकसष्टांना, आपण सभासद नाही असं लिहून देईपर्यंत, कंपनीनं बस आणि गेट बंद केलं होतं. रामकिसननं काल मनातल्या मनात त्या एकसष्टांचे घरखर्च मांडून पाहिले, कोण किती दिवस तग धरेल याचा अंदाज बांधला, आणि रात्री त्याला झोपही छान लागली. कारण तो युनियनचा नव्हता. कधीच नव्हता. हे साऱ्या प्लांटला माहीत होतं. तो स्वतःच ते माहीत करून देत असे. स्टोअरच्या काउंटरवरून हातमोजे मोजून देता देता म्हणायचा, युनियन म्हणजे भिशीच हो, फरक इतकाच की नंबर कुणाचा लागत नाय. लोक हसायचे. आणि दर तीन वर्षांनी युनियननं करार करून आणला की वाढ रामकिसनच्याही खात्यात पडायची, करार सगळ्यांनाच लागू असतो म्हणून. ती तो अशा सोज्वळ चेहऱ्यानं घ्यायचा, जणू कंपनीला अचानक त्याची आठवण झाली. पत्रा दाबायच्या प्रेसवरचा मुख्तार, युनियनचा चिटणीस, त्याला चिडवायचा, की पंगतीला तू पहिला बसतोस आणि वाढायला म्हटलं की तुझी कंबर धरते. रामकिसनला ते लागत नसे. मुख्तारच्या नावानं त्याच्याकडं वेगळीच नोंद होती. दर शनिवारी पाळी सुटली की दोघं गेटसमोर आवडाबाईच्या टपरीवर चहा प्यायचे, आणि अकरा वर्षांत एकाही शनिवारी मुख्तारनं पैसे दिले नव्हते. खिशात हात घालायचं नाटकसुद्धा नाही. कामगारांच्या हक्कांवर बोलणारा माणूस, रामकिसन मनात म्हणायचा, आणि चहा फुकटचा.

आजही शनिवारच होता.

घरी परत जाणं शक्य होतं. दोन गल्ल्या, मग जिना. पण वर गेलं की बायको, श्रेयाची आई, डबा परत का आला ते विचारणार, आणि 'बस थांबली नाही' हे वाक्य त्या घरात उच्चारावं लागणार. ते उच्चारायची त्याला भीती वाटली. तसलं एक वाक्य त्यानं पूर्वी ऐकलं होतं, पाचोडला, साहेबरावमामाच्या तोंडून: गेट उघडलं नाय. मामा चिकलठाण्याच्या एका कंपनीत होता, तिथल्या युनियनचा अध्यक्ष. गळ्यात हार घातलेला त्याचा फोटो आजोळच्या घरात देवांच्या ओळीत लावलेला. एका दिवाळीत गेट उघडलं नाही ते नाहीच. मग मामा पाचोडच्या आठवडी बाजारात दोरखंड आणि कासरे विकायला बसू लागला. रामकिसन विशीत असेल, सुट्टीला गेला की त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. दोराच्या ढिगाखाली मामाची रेक्झिनची बॅग असायची, केसच्या कागदांची. गिऱ्हाईकानं भाव विचारला की मामा सभेतल्या आवाजात सांगायचा, चार दुकानं पलीकडचे लोक वळून पाहायचे. तारीख पडली की धुतलेला शर्ट घालून एसटीनं औरंगाबादला यायचा. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. एकोणीस वर्षं तारखा चालल्या. मामा गेला तेव्हाही एक तारीख शिल्लक होती. आईनं सांगितलं म्हणून रामकिसन त्या दिवशी कोर्टात गेला. मामा वारले, असं त्यानं वकिलाला सांगितलं. वकिलानं डायरीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, मग पुढची तारीख वारसांना. त्या दिवशी रामकिसननं युनियन नावाचं खातं कायमचं बंद केलं. चूक काय केली? त्यानं खांबाला विचारलं. खांबावर कोचिंग क्लासची जाहिरात होती, त्यात एक मुलगी पुस्तक छातीशी धरून हसत होती. श्रेयाचं फार्मसीचं तिसरं वर्ष. आपल्या निवृत्तीला अकरा वर्षं. यादीत आपलं नाव चुकून आलं असेल, टायपिंग करणाऱ्याचं बोट घसरलं असेल. जाऊन दुरुस्त करून यायचं, त्यात काय.

रिक्षानं स्टेशन, स्टेशनवरून दुसऱ्या शेअर रिक्षानं वाळूजकडं. चौघांत पाचवा म्हणून तो ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर बसला आणि उजव्या हातानं लोखंडी दांडी धरली, म्हणजे अंगठा आणि शेवटची दोन बोटं यांनी जितकी धरता येते तितकी. गोलवाडीपाशी खड्ड्यात चाक गेलं तसं नसलेलं बोट ठणकलं. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची ही एक गंमत होती, ती जाऊन अकरा वर्षं झाली तरी थंडी वाजायची ती त्यांनाच. तेव्हा तो चालवायचा त्या प्रेसला दोन बटणं होती, हातभर अंतरावर, अशासाठी की दोन्ही हात बटणांवर असतील तेव्हाच वरचा साचा खाली यावा. म्हणजे हात कधी आत सापडणारच नाही. पण दोन्ही हात गुंतले की नग ठेवायला आणि उचलायला वेळ जातो. लाइनवरचे सगळेच एका बटणाच्या फटीत लाकडाची चपटी खुंटी ठोकून ते दाबलेलं ठेवायचे आणि एका हातानं मशीन चालवायचे. सुपरवायझर ते पाहायचा आणि संध्याकाळी नग मोजायचा. दोन्ही कामं तो वेगवेगळ्या डोळ्यांनी करत असावा. कुणाची खुंटी घसरायची, कुणाची पडायची. रामकिसनची कधी पडली नाही, कारण त्यानं लाकूड नीट मापून तासलेलं होतं. पाळीला दोनशे नग जास्त निघतात हेही त्यानंच काढून दाखवलं होतं, आणि त्याचा अभिमान त्याला तेवढा एक उन्हाळाभर पुरला. आवाज झाला नव्हता. उलट नेहमीपेक्षा कमी झाला होता, जसा साच्यात काही मऊ असल्यावर होईल.

कामगार विम्याच्या हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी पर्सोनेलचे बद्रीनाथसाहेब शहाळं घेऊन आले होते. खुर्ची नव्हती तर उभेच राहिले. जाताना एक कागद पुढं केला: अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं झाला. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, म्हणून रामकिसननं डाव्यानं सही केली. नरवडेमधला 'न' उलटा लवंडला आणि 'डे'ची मात्रा शेजारच्या ओळीत गेली. साहेब म्हणाले, चालतं हो, भावना महत्त्वाची. पुढं बरा होऊन आला तेव्हा त्याला घरी न पाठवता स्टोअरला बसवलं, तेही साहेबांनीच, माणुसकीनं. रामकिसन अशा गोष्टी विसरणारा नव्हता. साहेब निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला श्रेयाच्या आईच्या चकल्यांचा डबा त्यांच्या घरी जात असे.

गेटबाहेर निळ्या ताडपत्रीखाली माणसं बसली होती. त्यानं मोजली. बावन्न. म्हणजे त्याला सोडून आठ जण अजून आले नव्हते किंवा सही करून आत गेले होते. ताडपत्रीतला निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता, त्यामुळं ओळखीचे चेहरे आजारी दिसत होते. मुख्तारनं त्याला पाहिलं, आणि एरवी पहिला टोमणा त्याचाच, पण आज तो पायाशी पडलेला सुतळीचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळत बसला. सिक्युरिटीवाल्यानं रामकिसनचं नाव विचारलं, फोन लावला आणि गेटची छोटी खिडकी त्याच्या एकट्यासाठी उघडली. पाठीवर बावन्न माणसांची नजर घेऊन तो वाकून आत गेला. त्या खिडकीतून ताठ जाताच येत नाही, तिची उंचीच तशी आहे.

बद्रीनाथसाहेबांच्या खुर्चीवर आता शिवम नावाचा सत्तावीस वर्षांचा एचआर ऑफिसर होता. तो सगळ्या जुन्या कामगारांना काका म्हणे आणि खरंच काका असल्यासारखं त्यांना पाणी द्यायचा. त्यानं रामकिसनला पाणी दिलं. म्हणाला, काका, तुमचं नाव पाहून मलाच हसू आलं, तुम्ही युनियनचे नाहीत हे सगळ्या प्लांटला माहीत आहे. मग त्यानं सभासद नोंदणी अर्जाची झेरॉक्स टेबलावर फिरवून ठेवली आणि शेजारी रामकिसनची गेल्या महिन्याच्या पगारपत्रकावरची सही. पगारपत्रकावरची सरळ, अंगठा आणि अनामिकेत पेन धरून सहा महिने गिरवून कमावलेली. अर्जावरची लवंडलेली, 'न' उलटा, मात्रा शेजारच्या ओळीत. शिवम बोलत होता. दोन्हीत काही साम्य नाही, लहान मूलसुद्धा सांगेल. चिटणिसानं आकडा भरायला परस्पर केलेली दिसते. तुम्ही एवढं लिहून दिलंत की यादी साठावर येते, मान्यतेचा प्रश्नच मिटतो, आणि मुख्तारवर खोट्या सहीचा एक अर्ज पोलिसात. तुमचं नाव आज साडेतीनच्या बसच्या आत निघेल. कागद तयारच होता: सदर अर्जावरील सही माझी नसून ती परस्पर करण्यात आलेली आहे. खाली मोकळी रेघ.

रामकिसन त्या उलट्या 'न'कडं पाहत राहिला. खोलीतला एसी एकदा खाकरला. औषधाचा वास आला, पलंगाच्या लोखंडाचा आला, आणि बद्रीनाथसाहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच पलंगाच्या कडेला टेकलेला मुख्तार दिसला, मांडीवर कागदांचा गठ्ठा, इथं कर, इथं कर, आन इथं, विम्याचे हायेत. गोळीनं डोळे जड झालेले. त्यानं न वाचता केल्या होत्या. एका आठवड्यात डाव्या हाताच्या दोन सह्या, एक कंपनीला, एक युनियनला, आणि दोन्ही तितक्याच वाकड्या. कंपनीची तर त्याच्याच ताब्यात होती. जुन्या फायलींची खोकी स्टोअरलाच येतात, आणि त्या कागदाचं खोकं तिसऱ्या रॅकला खालून दुसऱ्या फळीवर आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मला जरा चहा घेऊन येऊ द्या, तो शिवमला म्हणाला. या ना काका, घाई नाही, शिवम म्हणाला, दुपारी दोनपर्यंत.

मुख्तार न बोलावता उठून टपरीवर आला. आवडाबाईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि स्टोव्हला पिन मारली.

"ती सही माझीच हाय," रामकिसन म्हणाला.

"हौ."

"अकरा वर्षं बोलला नाय तू."

"बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला असता." मुख्तारनं ग्लास दोन्ही हातांत धरला. "सभासद नसता तर वकील तुझ्यासाठी उभा कसा राहनार होता? तुझा हिशोब करून तुला घरी पाठवायचं ठरलं होतं. बद्रीनाथसाहेबानं टाइप करून ठेवलं होतं. स्टोअर काय त्यानं खुशीनं दिलं व्हय?"

रामकिसनला एकदम चकल्या आठवल्या. सात दिवाळ्या, सात डबे. डबे धुऊन परत यायचे, तेही त्यानं साहेबांच्या चांगुलपणाच्या बाजूला धरलं होतं.

"आन वर्गणी?"

मुख्तार पहिल्यांदा हसला, पुढचा पडलेला दात दिसेल इतकं. "मला चहा कोन पाजत होतं रे? माझ्या चहाचे वाचायचे ते तुझ्या नावावर. पावत्या हायेत सगळ्या, आमच्या घरवालीच्या, वहिदाच्या, शिलाई मशीनच्या खणात. ती म्हनती, ह्या रामकिसनला एकदा तरी घरी आना, पडेगावात त्याचं निम्मं दप्तर हाय."

ट्रक गेला. धुळीसाठी मुख्तारनं ग्लासवर तळवा धरला. आत प्रेसचा ठोका चालू होता, कंत्राटी माणसं लावून, एकसारखा नाही, मध्ये मध्ये अडखळत. रामकिसन कान देऊन ऐकत होता. अपघातानंतर युनियननं आठ महिने भांडून त्या लाइनवर उजेडाचा पडदा बसवून घेतला होता. साच्यापुढं हात आला की किरण तुटतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. तेव्हापासून त्या लाइनवर बोट गेलं नव्हतं. एकही नाही. हे त्याला माहीत होतं, हातमोजे तोच मोजून देत असे, आणि कुणाला तीन बोटांचा हातमोजा लागत नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पण हे शून्य त्यानं कधी कुठल्या रकान्यात भरलं नव्हतं. शून्य भरून काय करायचं, असं त्याला वाटत असावं. आणि दुसऱ्या बाजूला मामा होता, बॅगेवर दोरखंड ठेवून बसलेला. दोन्ही खरं होतं. एकातून दुसरं वजा जात नव्हतं.

"खरं सांग मुख्तारभाई," तो म्हणाला, "काय भेटलं आपल्याला?"

'आपल्याला' हा शब्द त्याच्या तोंडून गेला तो दोघांनीही ऐकला.

"मला?" मुख्तार म्हणाला. "दोन मेमो, एक बदली, आन तुझा चहा. आता बहुतेक पोलीस चौकी." त्यानं तळाचा चोथा जमिनीवर ओतला. "ताडपत्रीखाली बसलेत ना, त्यांतले धा तरी सोमवारपर्यंत आत जातील. त्यांची चूक नाय. तुझ्या पोरीचं तिसरं वरीस हाय. तुला इचारून तुझं नाव घातलं नव्हतं, आता इचारून थांबवनार पन नाय."

रामकिसननं सवयीनं खिशात हात घातला. मुख्तारनं त्याचं मनगट धरलं, अर्ध्या बोटांचंच, आणि दुसऱ्या हातानं शर्टाच्या वरच्या खिशातून नोट काढून आवडाबाईपुढं ठेवली.

"आज माझ्याकडनं," तो म्हणाला आणि ताडपत्रीकडं गेला.

रामकिसन तिथंच उभा राहिला. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं आणि त्याला आतून कुणीतरी दार ओढून घेतल्यासारखं वाटत होतं. आवडाबाईनं नोट कपाळाला लावली, मग उजेडात धरून पाहिली, जणू मुख्तारची नोट खोटीच असणार.

एसी चालूच होता. शिवम फोनवर कुणाशी तरी जेवणाबद्दल बोलत होता. त्यानं खुणेनंच बसा म्हटलं आणि पेन पुढं सरकवलं. रामकिसननं ते उजव्या हातात घेतलं. अनामिका पेनाला टेकेना, टेकली तर ठरेना. त्यानं मनगट टेबलावर दाबून धरलं, ज्या मनगटाला मघाशी मुख्तारनं धरलं होतं, तरी पेन कागदावर बारीक बारीक ठिपके देत राहिलं. मग त्यानं पेन डाव्या हातात घेतलं. भीतीनं घेतलं की ठरवून घेतलं, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही, आणि तो स्वतःशी खोटं बोलणारा माणूस नव्हता, निदान आकड्यांत तरी नव्हता. अकरा वर्षांत त्या हातानं सही केली नव्हती. हात काही शिकला नव्हता आणि काही विसरलाही नव्हता. 'न' उलटा लवंडला. मात्रा बाहेर गेली. सही माझी नाही असं सांगणाऱ्या कागदाखाली हुबेहूब तीच सही उमटली, आणि शेजारी पडलेली झेरॉक्स तिच्याकडं जुळ्या भावासारखी पाहत राहिली.

"काका, डाव्यानं?" शिवमनं फोनवर हात ठेवून विचारलं.

"उजव्यात धरवत नाय आज."

"चालतं, चालतं," शिवम म्हणाला आणि कागद न पाहता फाइलला लावला.

दुपारभर रामकिसननं स्टोअरमध्ये हातमोजे दिले, बोल्ट दिले, सह्या घेतल्या. तिसऱ्या रॅकपाशी तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा खोक्याला हात न लावता परत आला. युनियनचा वकील कधीतरी दोन कागद शेजारी ठेवील, तिसरा, हॉस्पिटलातला, या खोक्यातून मागवील. मग कोर्ट विचारील, नरवडे, खरं काय? तेव्हा आपण कंपनीशी खोटं बोललेलो असू, आणि तोवर बाहेरच्यांच्या लेखी आपण गद्दार असू. दोन्ही बाजूंनी नावे, जमा कुठंच नाही. युनियनला मिळून किती मिळेल? एखादं वर्ष. चार तारखा. एक धुतलेला शर्ट. असा व्यवहार त्यानं कुणाला करू दिला नसता.

साडेतीनला भोंगा झाला. कडुबाची बस गेटबाहेर उभी होती, इंजिन चालू. कडुबानं त्याला पाहून लांबूनच हाक मारली, या भाऊ, निघालं तुमचं नाव, फोन आला. ताडपत्रीखालची माणसं वळून पाहू लागली. कुणीतरी थुंकलं, फार जोरात नाही. मुख्तार पाठमोरा बसून कुणाच्या तरी अर्जावर काही लिहीत होता. रामकिसन बसकडं न जाता रस्ता ओलांडून टपरीवर गेला आणि दोन चहांचे पैसे काउंटरवर ठेवले.

"दिले की सकाळी त्यांनी," आवडाबाई म्हणाली.

"असू दे. पुढच्या शनिवारचे."

आवडाबाईनं बसकडं पाहिलं, ताडपत्रीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "पुढच्या शनिवारी असशील का तू हितं?" तिनं विचारलं. चेष्टा नव्हती तिच्या आवाजात. पैसे उचलावेत की नाही हे तिला खरंच ठरवायचं होतं.

मागं कडुबानं हॉर्न दिला. चौदा वर्षांत बस पहिल्यांदाच त्याच्यासाठी खोळंबली होती. रामकिसन वळला. ताडपत्रीवरून त्याची नजर आपोआप फिरली. सत्तेचाळीस. सकाळी बावन्न होते. मुख्तारनं वर पाहिलं नाही. पायरीवर चढताना रामकिसननं दांडी डाव्या हातानं धरली, आणि तो आत आल्यावर खिडकीपाशी बसलेल्यानं शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवलेला आपला डबा उचलला नाही. तेव्हा तो उभाच राहिला, नगर नाक्यापर्यंत आणि त्याच्याही पुढं, रिकाम्या सीटा मोजत.